जुन्या विमानाची पारख

बैलबाजारात उभा राहिलेला शेतकरी प्रथम बैलाचे दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे त्याला एका नजरेत कळते. मग तो खांद्यावरचा जुवाचा घट्टा हाताने चाचपतो, खूर उचलून पाहतो, जनावराला चार पावले चालवितो आणि त्यानंतरच रुमालाखाली बोटे धरून सौद्याला बसतो. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील डोईफोडियासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या गावात ही विद्या कोणाला शिकवावी लागत नाही; ती बापाकडून मुलाकडे आपोआप येते. परंतु त्याच गावच्या एखाद्या हौशी माणसाला बैलाऐवजी विमान घ्यावयाचे झाले, आणि नवे परवडत नाही म्हणून जुने घ्यावयाचे झाले, तर त्याने काय पाहावे?

प्रश्न विनोदी वाटेल. पण तो विनोदी नाही. स्वतःच्या हौसेसाठी विमान उडविणाऱ्यांपैकी पुष्कळांनी जुनीच विमाने घेतली. विमानविद्येच्या इतिहासात ज्यांची नावे अभिमानाने घेतली जातात त्यांच्यापैकी काहींनी आपला पहिला पराक्रम दुसऱ्याने वापरून सोडलेल्या यंत्रावर केला. आणि काहींनी पारख चुकल्यामुळे प्राण गमावले. बैल लंगडा निघाला तर पैसे बुडतात. विमान लंगडे निघाले तर ते जमिनीवर लंगडत नाही.

विमानाला दात नसतात. नवा रंग दिला की तीस वर्षांचे विमान कालपरवा कारखान्यातून निघाल्यासारखे दिसते. त्याचे खरे वय त्याच्या वहीत असते. या वहीला सर्वत्र लॉगबुक म्हणतात. विमानाच्या सांगाड्याची एक आणि इंजिनाची एक, कित्येकदा प्रॉपेलरचीही निराळी, अशा या वह्या असतात. किती तास उड्डाण झाले, कोणता भाग केव्हा बदलला, कोठे आपटले, दुरुस्ती कोणी केली आणि तिच्यावर सही कोणाची, हे सारे तीत असते किंवा असावयास हवे. वही हरवली असेल तर विमानाची किंमत एकदम खाली येते, आणि ते योग्यच आहे. कारण ज्या भागाचे आयुष्य तासांत मोजलेले आहे त्याचे किती तास उरले हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो.

ही शिस्त आरंभापासून नव्हती. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत हजारो लष्करी विमाने रिकामी झाली. सरकारला ती नकोशी झाली आणि जुन्या विमानांचा पहिला मोठा बाजार उभा राहिला. चार्लस लिंडबर्ग या अमेरिकन तरुणाने १९२३ साली जॉर्जिया संस्थानातील अमेरिकस गावाजवळच्या सौदर फील्डवर या बाजारातून एक कर्टिस जेनी विमान ५०० डॉलरला उचलले. सौद्यात त्याला नवे इंजिन, पेट्रोलची एक जादा टाकी आणि रंगाचा ताजा हात मिळाला. मौज अशी की, तोपर्यंत लिंडबर्गने एकट्याने एकदाही विमान उडविलेले नव्हते! त्याला परवाना कोणी विचारला नाही, कारण १९२६ पर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचा असा कायदाच नव्हता. विमान ताब्यात घेऊन त्याने ते हाकावयास सुरुवात केली आणि पहिल्याच प्रयत्नात ते जवळजवळ आपटले. जवळ उभ्या असलेल्या एका अनुभवी वैमानिकाला दया आली, त्याने शेजारी बसून काही धडे दिले, आणि मग हा तरुण एकटा वर गेला. चार वर्षांनी तोच अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडून पॅरिसला उतरला. त्या यशाकडे पाहून ५०० डॉलरच्या सौद्याचे कौतुक करण्याचा मोह होतो. पण त्यात पारख किती होती आणि दैव किती होते, याचा निवाडा करावयाचा तर दैवाचे पारडेच जड ठरेल. त्याच बाजारातून विमाने घेऊन गावोगाव कसरती करणारे कितीतरी तरुण लवकरच मेले. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

भारतातही असाच एक फिरता वैमानिक आला. नेव्हिल विन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून निवृत्त झालेला अधिकारी १९२९ च्या सुमारास एका सोबत्यासह दोन डीएच-९ विमाने घेऊन या देशात उतरला. ही महायुद्धाच्या काळातील घडणीची विमाने. गावोगाव जाऊन लोकांना पैसे घेऊन आकाशाची एक फेरी घडवावयाची, हा त्यांचा उद्योग होता. या भटकंतीतून विन्सेंटला भारतातील मैदाने, वारे आणि पावसाळा यांची जी माहिती मिळाली तिच्या बळावर त्याने टाटांपुढे हवाई टपालाची योजना मांडली. टाटा एअरलाइन्सचे मूळ अशा रीतीने युद्धातून उरलेल्या दोन विमानांच्या भटकंतीपर्यंत नेऊन भिडविता येते.

खासगी हौशी माणसाला परवडेल असे विमान मात्र १९२५ साली आले. जेफ्री डी हॅव्हिलंड या इंग्रज कारखानदाराने मॉथ नावाचे दोन आसनांचे हलके विमान तयार केले. लाकडाचा सांगाडा, पंखांवर ताणलेले तागाचे कापड, आणि घडी घालून मागे वळविता येणारे पंख. पंख मिटले की विमान मोठ्या मोटारीच्या पडवीत मावे. पुढे त्याला जिप्सी नावाचे शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले आणि ‘जिप्सी मॉथ’ हे नाव जगभर झाले. मुंबईत १९२८ साली जुहूला फ्लाइंग क्लब निघाला. १९२९ च्या फेब्रुवारीत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. हौशी उड्डाणाचे युग येथे असे सुरू झाले.

जुने विमान कसे निवडावे याचा धडा मात्र त्या काळातील एका इंग्रज मुलीने घालून दिला, आणि त्या धड्यातील एक प्रकरण झाशीत घडले. एमी जॉन्सन ही हल बंदरातील मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत टंकलेखनाचे काम करीत होती. १९२९ साली तिने वैमानिकाचा परवाना मिळविला. एवढ्यावर ती थांबली असती तर हजारांतली एक झाली असती. पण क्लबच्या शेडमध्ये यांत्रिकांच्या बरोबरीने काळे तेल अंगावर घेत ती इंजिने खोलू लागली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. तिच्या निवडीमागची खरी शक्ती येथे आहे.

तिला इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने जावयाचे होते. नव्या जिप्सी मॉथची किंमत तेव्हा ६५० पौंडांच्या घरात होती. एमीने वडिलांच्या आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांच्या मदतीने ६०० पौंडांत एक जुने जिप्सी मॉथ घेतले. वरवर पाहता हा सौदा महाग वाटतो. पन्नास पौंड अधिक टाकले असते तर कोरे विमान मिळाले असते. पण हे विमान कॅप्टन होप या नामांकित वैमानिकाचे होते आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी त्यात जादा टाक्या आधीच बसविलेल्या होत्या. कोऱ्या विमानात त्या बसवावयाच्या तर खर्चही वाढला असता आणि वेळही गेला असता. पुन्हा, जाणकार हाताखाली चाललेले यंत्र म्हणजे त्याचे प्रारंभीचे दोष निघून गेलेले यंत्र. तिने विमानाचे वय मोजले नाही; आपल्याला जे काम करावयाचे आहे त्या कामासाठी ते कितपत तयार आहे, हे मोजले. वडिलांच्या व्यापारी चिन्हावरून तिने त्याला ‘जेसन’ असे नाव दिले आणि त्याच्या अंगाला एक जादा प्रॉपेलर बांधून घेतला.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली. बगदादजवळच्या वाळवंटात वादळाने तिला खाली उतरविले. सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीला पोहोचली; तोपर्यंतचा विक्रम तिने दोन दिवसांनी मोडला होता. तेथून अलाहाबाद गाठावयाचे होते. पेट्रोल पुरले नाही आणि झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर तिला उतरावे लागले. मैदान विमानासाठी नव्हतेच. जेसन बराकींच्या दिशेने धावत गेला, शिपाई बाजूला झाले आणि पंखाची मोडतोड झाली. तेव्हा या लाकडी-कापडी विमानाचा गुण उपयोगी पडला. पंखाची मोडलेली काठी सुताराला दुरुस्त करता येत होती, फाटलेले कापड शिंप्याला शिवता येत होते, आणि देखरेख करावयास स्वतः मालकीण इंजिनिअर होती. ती पुन्हा निघाली, अलाहाबादवरून कलकत्त्याला आणि पुढे ब्रह्मदेशात गेली.

रंगूनजवळ इन्सिनला पावसात ती चुकीच्या मैदानावर उतरली. विमानाचे तोंड खड्ड्यात गेले, प्रॉपेलर तुटला, पंख फाटले. जादा प्रॉपेलर होता, कापड नव्हते. तेथील तंत्रशाळेच्या मंडळींनी शोध घेतला तेव्हा महायुद्धातून उरलेल्या विमानाच्या कापडाचे कोणी सदरे शिवलेले आढळले. ते सदरे उसवून जेसनच्या पंखांना ठिगळे लावली गेली! १९१८ साली निकालात निघालेले कापड बारा वर्षे माणसांच्या अंगावर वावरून पुन्हा विमानाच्या पंखावर चढले. २४ मे रोजी एमी जॉन्सन ऑस्ट्रेलियाच्या डार्विन शहरी उतरली. एकटीने हा प्रवास करणारी ती पहिली स्त्री. ते जुने विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात टांगलेले आहे.

त्याच मे महिन्यात, त्याच आकाशमार्गावर, आणखी दोन मॉथ उडत होते आणि त्यांत भारतीय तरुण बसले होते. भारत व इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक ठेवले होते. जहांगीर टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर हा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचे स्पार्क प्लग निकामी झाल्याने तो अडकून बसला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. अस्पीने कृतज्ञतेने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. पुढे शर्यत अस्पीने जिंकली, आणि तीस वर्षांनी तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट खिलाडू वृत्तीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. विमान घेणाराने मात्र तिच्यातून दुसरेही काही घ्यावे. अबुकीरच्या वाळवंटात अस्पीचा प्रवास विमानावाचून अडला नव्हता, इंजिनाच्या एका लहानशा भागावाचून अडला होता. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत ते विमान कितीही स्वस्त असो, ते शेवटी एक शोभेची वस्तू होऊन बसते.

वहीवरची शाई वाळली म्हणून विमानाचा इतिहास संपत नाही. त्याच्या जातीतल्या इतर विमानांचे काय झाले, हेही पाहावे लागते. मॉथचाच एक बंद खोलीचा भाऊ ‘पस मॉथ’. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस पहिली हवाई टपाल आणली ती याच जातीच्या विमानातून. दिसावयास देखणे आणि चपळ असे हे यंत्र. पण त्याच सुमारास जगाच्या निरनिराळ्या भागांत काही पस मॉथ विमाने भर आकाशात पंख तुटून कोसळली. तपासाअंती असे दिसून आले की, विशिष्ट परिस्थितीत पंखाच्या आधारदांड्याला थरथर सुटते आणि पंख टिकत नाही. मग दांडा आणि पंख यांच्यामध्ये एक लहानसा आडवा आधार बसविण्याचा उपाय निघाला. समजा, १९३४ साली कोणी जुने पस मॉथ विकावयास काढले आहे. रंग उत्तम, इंजिन उत्तम, तास कमी. खरेदीदाराने विचारावयाचा पहिला प्रश्न कोणता? तो लहानसा आधार बसविला आहे काय, हा! आजही प्रत्येक जातीच्या विमानासंबंधी असे सुधारणेचे सक्तीचे आदेश निघत असतात, आणि ते पाळले गेले की नाहीत हे पाहिल्यावाचून जाणता माणूस सौद्याची भाषा करीत नाही.

हवामानाचा मुद्दा तर आपल्या देशात सर्वांत मोठा. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडत असे, म्हणून टाटांना ते चार महिने आपले ठाणे पुण्याला हलवावे लागे. लाकडी विमानांची कथा याहून वाईट. दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो नावाचे इंग्रजांचे लाकडी लढाऊ विमान युरोपात अजिंक्य ठरले. तेच विमान भारत-ब्रह्मदेश आघाडीवर आले तेव्हा १९४४ साली त्याच्या पंखांचे डिंकाने जोडलेले सांधे सुटल्याचे आढळले, अपघात झाले आणि उड्डाणे थांबवून सारी विमाने तपासावी लागली. एका हवेत मानवलेले यंत्र दुसऱ्या हवेत मानवेलच असे नाही. इंग्लंडातील थंड शेडमध्ये वीस वर्षे जपलेले लाकडी विमान तापीच्या खोऱ्यात आणून पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा दाखविल्याशिवाय त्याच्याविषयी काही बोलू नये.

ते युद्ध संपल्यावर जुन्या विमानांचा दुसरा बाजार भरला, आणि या वेळी तो भारतातच भरला. अमेरिकन सैन्य परत गेले, मागे डाकोटा विमाने राहिली. ही दोन इंजिनांची, धातूची, कच्च्या धावपट्टीवर उतरणारी दणकट विमाने कवडीमोल भावाने मिळू लागली तेव्हा ज्याच्याजवळ थोडे भांडवल होते तो विमान कंपनी काढावयास निघाला. या जुन्या डाकोटांनी देशाची सेवा पुष्कळ केली. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. खान्देश-वऱ्हाडातल्या घरांत रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी ती घरघर पुढे कित्येक वर्षे तेथील लोकांच्या ओळखीची झाली होती.

परंतु हिशेब जुळेना. विमान स्वस्तात आले तरी पेट्रोल स्वस्त नव्हते, सुटे भाग स्वस्त नव्हते, शिकलेला यांत्रिक तर मुळीच स्वस्त नव्हता. गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने मिळाले होते आणि प्रवासी तेवढेच. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० साली चौकशी समिती नेमली गेली, आणि अखेर १९५३ च्या ऑगस्टमध्ये या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नव्या इंडियन एअरलाइन्सच्या पदरात जी ९९ विमाने पडली त्यांतील ७४ डाकोटा होत्या. मोठमोठ्या कंपन्या ज्या खड्ड्यात पडल्या तोच खड्डा एकट्या हौशी माणसापुढेही असतो. विमानाची किंमत एकदाच द्यावी लागते. त्याला जिवंत ठेवण्याची किंमत दरवर्षी द्यावी लागते, ते उडो वा न उडो.

याच बाजाराचे एक विलक्षण प्रकरण कानपूरचे आहे. खासगी उड्डाणाशी त्याचा संबंध नाही. पण जुने यंत्र पारखण्याचे याहून मोठे उदाहरण या देशात घडलेले नाही, म्हणून ते टाळता येत नाही. चकेरी विमानतळावर ब्रिटिश हवाई दलाने चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बर विमाने भंगार म्हणून टाकून दिली होती. पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ती मुद्दाम मोडून ठेवलेली. बेंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या यंत्रज्ञांनी या ढिगाऱ्यात शिरून एकेक विमान तपासले. एकाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवीत त्यांनी ती उडण्याजोगी केली, आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती बेंगळूरला उडवीत नेली. अशी चाळीसहून अधिक लिबरेटर विमाने उभी राहिली आणि त्यांतून १९४८ च्या अखेरीस भारतीय हवाई दलाचे पहिले जड बॉम्बर पथक निघाले. ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली. मोडणाऱ्याने ज्यांना मृत ठरविले होते ती वीस वर्षे जगली. याचे श्रेय भंगाराला नाही, ते तपासणाऱ्या डोळ्यांना आहे. तसे डोळे जवळ नसताना कोणी ‘जुने विमान दुरुस्त करून घेऊ’ म्हणून निघेल तर त्याने कानपूरचा दाखला देऊ नये.

फ्लाइंग क्लबांच्या वाट्याला याच काळात युद्धातून उरलेले टायगर मॉथ आले आणि १९५८ नंतर हिंदुस्थान एअरक्राफ्टचे स्वदेशी ‘पुष्पक’. पुष्पकाची संख्या दीडशेच्या आसपासच राहिली. त्यामुळे हलक्या विमानांचा भरघोस देशी बाजार येथे कधी झाला नाही, आणि आजही हौशी भारतीयाची नजर बहुधा परदेशी जुन्या विमानाकडे जाते.

त्या परदेशी बाजारात सर्वांत अधिक आढळते ते सेस्ना १७२. चार आसने, एक इंजिन, पंख डोक्यावर. १९५६ पासून ही जात निघते आहे आणि आजवर ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली आहेत. १९८६ ते १९९६ या दशकात कारखान्याने ती बनविणेच बंद ठेवले होते; त्यामुळे बाजारात दिसणारे सेस्ना एकतर फार जुने असते किंवा त्यामानाने नवे. फार जुने म्हणजे वाईट असे नव्हे. त्याच्या इंजिनाला साधारणतः २,००० तासांनी अथवा बारा वर्षांनी पुरते ओव्हरहॉलिंग करावे, असे निर्माते सांगतात. येथे पुष्कळांची फसगत होते. विकणारा मोठ्या अभिमानाने सांगतो की, पंधरा वर्षांत इंजिन फक्त दोनशे तास चालले. ऐकणाराला वाटते, घबाड मिळाले. वस्तुतः उभे राहिलेले इंजिन चाललेल्या इंजिनापेक्षा अधिक संशयास्पद. वरच्या भागातले तेल ओघळून खाली जाते, कॅमशाफ्ट उघडा पडतो, दमट हवेने त्याला गंज चढतो, आणि तो गंज बाहेरून दिसत नाही. गोठ्यात वर्षभर बांधून ठेवलेला बैल जुंपला की काय करतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावयास नको.

म्हणून जाणता खरेदीदार प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घेतो, तेलाचे फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत काय ते पाहतो, समुद्रकाठी राहिलेल्या विमानाच्या पंखाच्या आतपर्यंत दिवा घालून गंज शोधतो. आणि हे काम तो विकणाराच्या यांत्रिकाकडून करून घेत नाही. एमी जॉन्सनला स्वतःची नजर होती. ज्याला ती नाही त्याने ती भाड्याने घ्यावी. त्या भाड्याइतका स्वस्त खर्च या सौद्यात दुसरा नसतो.

आता पुन्हा डोईफोडियाच्या त्या हौशी माणसाकडे वळू. समजा, त्याने उत्तम वहीचे, उत्तम इंजिनाचे विमान हेरले. ते तो ठेवणार कोठे? जवळचा चालता विमानतळ म्हणजे जळगाव. पेट्रोल कोठे भरणार? या जातीच्या इंजिनाला मोटारीचे नव्हे, विमानाचे खास पेट्रोल लागते, आणि ते देशात सगळीकडे मिळत नाही. २०२२ सालापर्यंत तर ते सारेच परदेशातून येई. त्या वर्षी इंडियन ऑइलने बडोद्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ते तयार करण्यास आरंभ केला. याच अडचणीमुळे कित्येक वैमानिक-शाळा मोठ्या विमानांचेच इंधन पिणारी लहान विमाने पसंत करतात. त्याखेरीज नोंदणी, ‘व्हीटी’ ही भारतीय अक्षरे, उड्डाणयोग्यतेचा दाखला, हे सारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या दारातून मिळवावयाचे असते, आणि वहीत एक पान कमी असेल तर तेथे ते ताबडतोब विचारले जाते.

शेवटी राहिला मे महिना. बऱ्हाणपूर समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे. पण दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की हवा पातळ होते, इतकी की विमानाच्या दृष्टीने ते ठिकाण सुमारे १,४०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराच्या डोंगरमाथ्यावर, जाऊन बसते. पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी, धाव लांब. इंग्लंडच्या गार हवेत जे जुने विमान चार माणसे घेऊन सहज उठते, ते येथे दोघांना घेऊन धावपट्टीच्या टोकापर्यंत उठेलच असे नाही. विकणाराच्या कागदावर हा आकडा नसतो. तो खरेदीदाराने स्वतःच्या गावच्या उन्हावरून काढावयाचा असतो.

आणि एवढे सारे करून, वही वाचून, इंजिन तपासून, हवा मोजून घेतलेले जुने विमान काय करू शकते, हे १५ ऑक्टोबर १९८२ रोजी दिसले. पहिल्या हवाई टपालाला त्या दिवशी पन्नास वर्षे पूर्ण होत होती. जहांगीर टाटा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी एक लेपर्ड मॉथ घेतले. १९३६ नंतर या जातीचे एकही विमान तयार झालेले नव्हते; म्हणजे ते यंत्र किमान सेहेचाळीस वर्षांचे होते. ते घेऊन टाटा एकटे कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर उतरले.